श्वासाचा हिशोब : दमा ओळखायला माणूस कसा शिकला



गटाच्या बैठकीत कुणी हप्त्याचा हिशोब तोंडी सांगायला लागली, तर आपण लगेच म्हणतो, "ताई, वहीत दाखवा." तारीख, रक्कम, सही. तोंडी हिशोबावर बँक कर्ज देत नाही, हे आपण शिकलो आहोत. आज मी ज्या आजाराचा इतिहास सांगणार आहे, त्याची गोष्टही शेवटी वहीपाशीच येऊन थांबते. तो आजार म्हणजे दमा, आणि त्याची सख्खी बहीण अ‍ॅलर्जी.

मी डॉक्टर नाही. औषध कोणतं घ्यायचं हे मी सांगणार नाही. पण हा आजार ओळखायला माणसाला किती काळ लागला, कुणी काय केलं, आणि जिथं मोठी तपासणी होत नाही अशा गावातल्या बाईनं त्यातून काय घ्यावं, एवढं मात्र सांगते.

आधी नावाचं बघू. 'दमा' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. 'दम' म्हणजे श्वास. आपण 'दम खा', 'दम लागला' म्हणतो, तोच हा दम. पण गावात हा आजार स्वतःच्या नावानं फारसा वावरत नाही. लहान मुलाला असला तर 'बाळदमा', आणि तो मोठेपणी आपोआप जातो असं म्हणून सोडून देतात. म्हाताऱ्या माणसाला असला तर वयाची धाप. आणि लग्नाच्या मुलीला असला तर? तिला 'जरा सर्दीचा त्रास' असतो. सासरी कळू नये म्हणून नाव घ्यायचं नाही, कागद करायचा नाही, पंप तर दिसूच द्यायचा नाही. ज्याचं नाव घेत नाही त्याची तपासणी कशी होणार?

आता मागं जाऊ. चरकसंहितेत श्वासाच्या विकाराचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यातला 'तमक श्वास' वाचला की आपल्या ओळखीच्या कुणाचं तरी वर्णन वाचतोय असं वाटतं. ढग भरून आले, पाऊस झाला, गारवा पडला, पूर्वेचा वारा सुटला की त्रास वाढतो. आडवं झालं की जीव घाबरा होतो, उठून बसलं की बरं वाटतं. गरम प्यावंसं वाटतं. श्वासाच्या विकाराच्या कारणांत धूळ आणि धूर यांचीही नावं तिथं आहेत. त्या काळात छातीचा फोटो नव्हता, रक्ताची तपासणी नव्हती. मग हे कळलं कसं? रोग्याला विचारून आणि त्याच्याकडे नीट बघून. कधी होतं, कशानं वाढतं, कसं बसलं की बरं वाटतं.

तिकडे ग्रीक लोकांनी धापेला 'अ‍ॅस्थमा' हा शब्द वापरला, तोच आज इंग्रजीत आहे. पुढे इंग्लंडमध्ये जॉन फ्लॉयर नावाचे डॉक्टर होऊन गेले. त्यांनी १६९८ साली दम्यावर एक पुस्तक लिहिलं. त्यांना स्वतःला कित्येक वर्षं दमा होता. झटका कधी येतो, हवा कशी होती, धूर होता का, खाल्लं काय होतं, हे सगळं त्यांनी स्वतःवरून टिपलं. म्हणजे दम्याच्या इतिहासात रोग्याची स्वतःची नोंद अगदी सुरुवातीपासून आहे.

आता एका नळीची गोष्ट. १८१६ साली पॅरिसमध्ये लाएनेक नावाच्या डॉक्टरांकडे एक तरुण बाई तपासणीला आली. तोवर छाती ऐकायची म्हणजे डॉक्टरनं सरळ छातीला कान लावायचा. बाई तरुण, अंगानं भरलेली, आणि डॉक्टरला संकोच. त्यांनी कागदाची घट्ट सुरळी केली, एक टोक तिच्या छातीला लावलं आणि दुसऱ्या टोकाला कान. आवाज आधीपेक्षा जास्त स्पष्ट ऐकू आला. तिथून स्टेथोस्कोप जन्माला आला. आज प्रत्येक डॉक्टरच्या गळ्यात असलेली नळी एका बाईच्या लाजेतून निघाली, हे लक्षात ठेवा.

लक्षात ठेवा अशासाठी, की आपली लाज अजून गेलेली नाही. दवाखान्यात नळी पदरावरून, ब्लाउजवरून घाईघाईत लावली जाते आणि आपणही "झालं का?" म्हणून उठतो. दम्याची शिट्टी पाठीच्या बाजूनंही ऐकावी लागते. कपड्याच्या घड्यांमधून ती नीट ऐकू येत नाही. सोबत नणंद, जाऊ, आशाताई कुणीही न्या, सिस्टरला जवळ थांबायला सांगा, आणि डॉक्टरला म्हणा, "पाठ नीट ऐकून बघा." असं म्हणण्यात उद्धटपणा काही नाही.

पण या नळीचीही एक मर्यादा आहे. दमा हा येतो-जातो असा आजार आहे. पहाटे तीनला छाती भरते, आणि दुपारी बाराला आपण एसटी पकडून दवाखान्यात पोचतो तेव्हा छाती स्वच्छ असते. डॉक्टर म्हणतात, "काही नाही, सर्दी आहे." डॉक्टर खोटं बोलत नाहीत आणि बाईही खोटं बोलत नाही. झटका पहाटे येऊन गेलेला असतो, एवढंच. म्हणून दमा ओळखताना यंत्राइतकीच रोग्याच्या सांगण्याची गरज पडते.

अ‍ॅलर्जीचा इतिहासही असाच आहे. जॉन बॉस्टॉक नावाच्या इंग्रज डॉक्टरांना लहानपणापासून दर उन्हाळ्यात डोळे खाजणं, शिंका, छाती आवळणं असा त्रास होई. १८१९ साली त्यांनी तो डॉक्टरांच्या सभेत वाचून दाखवला. स्वतःचंच दुखणं, पण नीट मांडलेलं. लोक म्हणत होते की हा त्रास ताज्या कापलेल्या गवतानं होतो. बॉस्टॉकना ते पटलं नाही, त्यांना उन्हाचा संशय होता. पुढे मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी छडा लावला. त्यांनाही तोच त्रास. त्यांनी गवताचे परागकण स्वतःच्या नाकाला लावून बघितले, कातडी जराशी ओरखडून त्यावर लावून बघितले. लगेच गांधी उठली. हवेत पराग किती उंचावर जातात हे बघायला त्यांनी चिकट काचा बांधून पतंग उडवले. १८७३ साली त्यांचं पुस्तक निघालं. गवताला दोष देणारे साधे लोक खऱ्याच्या जवळ होते, हे त्यातून सिद्ध झालं. आज शहरात कातडीवर टोचून अ‍ॅलर्जीची तपासणी करतात, तिचं मूळ ब्लॅकलींच्या त्या ओरखड्यात आहे.

'अ‍ॅलर्जी' हा शब्द मात्र त्यानंतरचा. १९०६ साली व्हिएन्नाच्या फॉन पिर्के या डॉक्टरांनी तो घडवला. जी गोष्ट दुसऱ्याला काही करत नाही, तिच्यावर एखाद्याचं शरीर शत्रू आला असं समजून तुटून पडतं, असा त्याचा साधा अर्थ. १९६० च्या दशकात नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दाखवलं की घरातल्या धुळीत, गाद्या-गोधड्यांत राहणारा डोळ्यांना न दिसणारा बारीक किडा हे अ‍ॅलर्जीचं मोठं कारण आहे. त्याच सुमारास, १९६६ साली, अमेरिकेत काम करणाऱ्या इशिझाका या जपानी नवरा-बायकोंनी रक्तातला तो घटक शोधला जो ही अ‍ॅलर्जी घडवतो. आज रक्ताच्या अहवालात 'आयजीई' असं लिहून येतं, ते हेच. बायको तेरुको इशिझाका या शोधात बरोबरीच्या भागीदार होत्या.

या इतिहासाचा एक धागा आपल्या बांधावरही आहे. गाजर गवत, ज्याला आपण काँग्रेस गवत म्हणतो, ते मूळचं आपलं नाही. ते अमेरिका खंडातलं. भारतात त्याची पहिली नोंद १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात झाली. परदेशातून आलेल्या धान्याबरोबर त्याचं बी आलं असं मानलं जातं. आज ते महाराष्ट्रातल्या प्रत्येक पडीक जागेवर, रस्त्याच्या कडेला, शाळेच्या मागं आहे. खुरपताना हाताला, मानेला खाज सुटते, चट्टे उठतात. फुलावर आलं की काहींना शिंका आणि धाप लागते. आपल्या आज्यांच्या लहानपणी हे गवत गावात नव्हतं. म्हणून "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" हे त्यांचं म्हणणं थट्टेवारी नेऊ नका. ते काढायचं तर फुलायच्या आधी, हातमोजे घालून, तोंडाला रुमाल बांधून. आणि ज्या बाईला त्रास होतो, तिला त्या कामातून गटानं मोकळं ठेवायचं.

इतिहासात एक काळा भागही आहे, आणि तो बायकांशी जोडलेला आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर अनेक मोठ्या डॉक्टरांचं मत होतं की दमा मनातून येतो. शिकागोचे मानसोपचारतज्ज्ञ फ्रान्झ अलेक्झांडर यांच्या विचारात मुलाची घरघर म्हणजे आईसाठीचं दाबून ठेवलेलं रडणं. म्हणजे मूल धापतंय तर दोष आईचा! काही ठिकाणी मुलांना आईबापापासून लांब ठेवण्याचा उपचारही झाला. पुढे श्वासनलिकेच्या आतली सूज समजली आणि तो विचार मागं पडला. काळजीनं, रडण्यानं झटका वाढू शकतो हे खरं आहे. पण आजार श्वासनलिकेत असतो. आपल्याकडे "काम सांगितलं की हिला दम लागतो", "नाटकं करते" असं म्हणतात ना, तेव्हा हे आठवा. झाडताना, चुलीपुढे, मळणीत दम लागतो याचं कारण तिथं धूळ आणि धूर असतो. काम सांगितल्यावर दम लागतो, ही तक्रार म्हणजे खरं तर डॉक्टरला सांगायची माहिती आहे.

आता मोजमापाकडे येऊ. १८४६ साली लंडनमध्ये जॉन हचिन्सन यांनी श्वास मोजायचं यंत्र मांडलं, स्पायरोमीटर. दमा पक्का करायला आजही तीच तपासणी सगळ्यात चांगली. पण ती गावात मिळणं अवघड. सपाट भागात ३० हजार लोकांमागं आणि डोंगरी-आदिवासी भागात २० हजारांमागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावं असा नियम आहे. हे यंत्र मात्र बहुतेक वेळा जिल्ह्याच्या गावी किंवा मोठ्या दवाखान्यातच असतं. जाण्या-येण्याचा खर्च, बुडालेली मजुरी, आणि घरी विचारावं लागणारं ते वेगळंच.

म्हणून मला मार्टिन राइट यांचं काम फार मोलाचं वाटतं. त्यांनी १९५९ साली पीक फ्लो मीटर लोकांपुढं आणलं. खोल श्वास घ्यायचा, नळीत जोरात एकदम फुंकायचं, काटा किती पुढं गेला ते वाचायचं. १९७० च्या दशकात त्याची हातात मावणारी, प्लॅस्टिकची छोटी नळी निघाली. तिला वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही. आकडा वाचता येणाऱ्या कुणालाही ती वापरता येते. एकदा फुंकून फार काही कळत नाही. पण दोन आठवडे रोज सकाळ-संध्याकाळ फुंकून आकडे लिहिले, तर आकडा वर-खाली होतोय का हे दिसतं. दम्याची खूणच ती आहे, वर-खाली होणं. डॉक्टर पंपाचं औषध देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात, आणि आकडा साधारण २० टक्के किंवा जास्त वाढला तर दम्याचा संशय बळकट होतो. गटाच्या आरोग्य निधीतून असं एक मीटर घेता येईल, पण तोंडाची नळी प्रत्येकीची वेगळी हवी.

पंपाचं नाव आलंच आहे तर त्याचीही गोष्ट सांगते. १९५५ साली अमेरिकेत दमा असलेल्या १३ वर्षांच्या एका मुलीनं वडलांना विचारलं, "केसांच्या फवाऱ्यासारखं माझं औषध डब्यातून का येत नाही?" वडील औषध कंपनीचे प्रमुख होते. पुढच्याच वर्षी पंप बाजारात आला. मुलीच्या एका प्रश्नानं जगाचं काम झालं. १९६९ साली साल्ब्युटामॉल आलं, १९७२ साली सूज कमी करणारं स्टेरॉइड पंपातून मिळू लागलं.

आपल्याकडे म्हणतात, "गोळी चालेल, पण पंप नको. पंपाची सवय लागते." आकडे बघा. साल्ब्युटामॉलची गोळी साधारण २ किंवा ४ मिलिग्रॅमची. पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे ४ मिलिग्रॅमच्या एका गोळीत ४० फवाऱ्यांइतकं औषध. गोळी पोटातून सगळ्या अंगात फिरते, म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. फवारा सरळ श्वासनलिकेत जातो. पंपाला घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते अर्ध्या उपचाराला. १९६० च्या दशकात इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथं दम्याचे मृत्यू एकदम वाढले. जास्त ताकदीच्या, तात्पुरता आराम देणाऱ्या एका पंपाशी त्याचा संबंध जोडला गेला. आराम पडतो म्हणून लोक तोच ओढत राहिले आणि आतली सूज वाढत गेली. २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात की मोठ्या माणसांना नुसता आरामाचा पंप देऊन भागवू नये, सूज उतरवणारं औषधही हवं. बिननावाच्या पुड्यांचंही तेच. काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं आढळलं आहे. आठवड्यात फरक पडतो, पण किती पोटात गेलं त्याचा हिशोब कुणाकडेच नसतो.

मग आपण काय करायचं?

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर आधी थुंकीची क्षयरोगाची तपासणी करून घ्या, सरकारी केंद्रात ती मोफत असते. ती टाळून दम्याकडे उडी मारू नका. आणि तपासणीत क्षय नाही असं आलं, तरी खोकला आहेच, तर तिथं थांबू नका. "मग हे काय आहे?" असं विचारा. चुलीच्या धुरात वर्षं काढलेल्या बायकांना फुप्फुसाचा वेगळा आजारही होतो, त्यात दम कायमच राहतो आणि हळूहळू वाढत जातो. कोणता आजार ते डॉक्टर ठरवतील. आपण त्यांना माहिती पुरवायची.

आशाताई तीस वर्षांवरच्या माणसांचा तपासणीचा फॉर्म भरतात. त्यात धाप, खोकला आणि स्वयंपाकाचं इंधन यांचे प्रश्न असतात. आपण पीठ मळता मळता "काही नाही" म्हणून मोकळ्या होतो. तसं करू नका. तो आपला सरकारी कागद आहे. गॅस घरात आला असला तरी पाणी तापवायला चूल पेटत असेल, तर तेही सांगा.

आणि वही. आमच्या एका गटातल्या ताईंना तीन वर्षं खोकला होता. दर वेळी दवाखान्यात सर्दीच्या गोळ्या मिळायच्या. गटात हा विषय निघाल्यावर त्यांनी लेकीच्या जुन्या वहीत एक महिना लिहिलं. रात्री जाग आली का, शिट्टी वाजली का, त्या दिवशी काम कोणतं केलं, पाऊस होता का. स्वतःला लिहिता येत नव्हतं तिथं लेक लिहायची. महिन्याअखेर पानं उलटली तर दिसलं, कोंबड्यांचं खुराडं झाडलं त्या रात्री झोप नाही. त्यांनी ती वही डॉक्टरपुढं ठेवली. डॉक्टरांनी पहिल्यांदा दहा मिनिटं दिली, पाठ ऐकली आणि श्वासाच्या तपासणीसाठी चिठ्ठी लिहिली. आता त्यांचं औषध चालू आहे, खुराडं मुलगा झाडतो.

तुमच्या वहीत एवढंच लिहा : तारीख. खोकला, शिट्टी, धाप, यातलं काय झालं. दिवसा की रात्री. त्याआधी काय केलं, धूळ, धूर, मळणी, भुसा, गवत, जनावर, गार हवा. कोणतं औषध घेतलं, किती वेळात बरं वाटलं. घरात आणखी कुणाला दमा, शिंका, अंगाला खाज आहे का, ते पहिल्या पानावर. लिहिता येत नसेल तर कॅलेंडरवर खूण करा, दुधाचं खाडं मांडतो तशी.

एक मात्र वहीत लिहीत बसायचं नाही. धापेमुळं एक वाक्य पुरं बोलता येत नसेल, ओठ किंवा नखं निळसर दिसत असतील, लहान मुलाच्या बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, किंवा नेहमीच्या पंपानं आराम पडत नसेल, तर तडक १०८ ला फोन. रात्र आहे, पाहुणे आहेत, घरधनी गावाला गेलेत, कशासाठीही थांबायचं नाही.

चरकाच्या काळापासून आजवर दमा ओळखला गेला तो कुणीतरी विचारलं आणि कुणीतरी नीट सांगितलं म्हणून. आपल्या गावात यंत्र यायला उशीर आहे, त्यासाठी ग्रामसभेत मागणी करत राहूच. पण नीट सांगणं आपल्या हातात आहे. पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की एकेकीला विचारा, "रात्री खोकल्यानं जाग येते का गं?" जी मान खाली घालेल, तिच्या हातात एक वही द्या.